मसुदा येईपर्यंत

जेरोम गेल्याचा फोन कॉलेजच्या ऑफिसात आला तेव्हा मी वर्गात करारभंग शिकवत होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला समजलं. तरीही मी सुरू केलेलं वाक्य पुरं केलं. का, ते विचारू नका. घाटकोपरहून अंधेरीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की खडू अजून हातातच आहे. आज पाच आठवडे झाले. त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं असं रोज सकाळी वाटतं, आणि करण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

आमची ओळख एकसष्टची. संध्याकाळच्या लॉ कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी मालवणकडचा, तो अंधेरीपलीकडच्या खाडीकाठच्या ख्रिस्ती गावठाणातला; मासळीशिवाय दोघांचंही जेवण पुरं होत नसे, मैत्रीला एवढं पुरलं. पुढे दोघंही त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. त्याच्या वडिलांची स्वतःची होडी होती. सत्तरच्या आसपास समुद्रात ट्रॉलर वाढले. त्यांना हवी असायची ती फक्त कोळंबी, कारण ती गोठवून परदेशी जायची. जाळ्यात सोबत आलेली बारकी मासळी, पिल्लं, सगळं मेलेलंच परत पाण्यात. एका रविवारी जेवताना म्हाताऱ्यानं आम्हा दोघा वकिलांना विचारलं, "बी संपवतायत रे हे. खाणारा तिकडे बसलाय. त्याला कोण विचारणार? आहे का तुमच्या पुस्तकात?" मी म्हणालो, "नाही." पुढच्या महिन्यात जेरोमनं पीएच.डी.साठी नाव नोंदवलं.

प्रबंधाचं नाव चांगलं तीन ओळींचं होतं. परीक्षक नाव वाचूनच दमेल, असं मी त्याला चिडवायचो. प्रश्न मात्र म्हाताऱ्याचाच होता: एका देशाचा समुद्र दुसऱ्या देशाच्या ताटासाठी रिकामा होत असेल, तर तो राखायची जबाबदारी फक्त विकणाऱ्याची, की विकत घेणाऱ्याचीही? त्याच सुमारास जगभरातले देश समुद्राचा नवा कायदा ठरवायला बसले होते. दर बैठकीनंतर नवा मसुदा निघे. परदेशातल्या एका ग्रंथालयातल्या बाई तो जेरोमला आठवणीनं पाठवायच्या, पण बोटीच्या टपालानं. इथं पोचेपर्यंत तिकडे पुढची बैठक भरलेली असायची. मासळी राखण्याचं कलम बदललं की जेरोमचं चौथं प्रकरण बदलायचं. कायद्याच्या पुस्तकांत आम्ही दुरुस्तीच्या पट्ट्या चिकटवतो, तशा तो टाइप केलेल्या ओळींवर नव्या ओळींच्या पट्ट्या चिकटवायचा, पाचही प्रतींत. खळ ॲग्नेसवहिनी, त्याची बायको, शिजवून द्यायच्या. पट्टीवर पट्टी चढून ते प्रकरण पुठ्ठ्यासारखं जाड झालं, आणि खळीला झुरळं लागली. "तुझा प्रबंध आधी झुरळंच तपासणार," मी म्हणायचो. वहिनी हसायच्या, तो हसायचा नाही.

खरं तर चेष्टा करायचा मला काही अधिकार नव्हता. दोन वर्षांपूर्वी प्रबंध सगळा तयार होता, फक्त सही करून द्यायचा होता. त्याच आठवड्यात मी पेपरात नव्या बैठकीची बातमी वाचली आणि मोठ्या शहाणपणानं त्याला म्हणालो, "थांब रे. जुनं कलम घेऊन तोंडी परीक्षेला बसलास तर वाट लावतील तुझी." तो थांबला. मग पुढच्या मसुद्यासाठी थांबला, त्याच्या पुढच्यासाठीही. नंतर "देऊन टाक आता" असं मी शंभरदा सांगितलं असेल, पण त्यानं धरून ठेवलं ते माझं पहिलंच वाक्य.

मग कावीळ झाली. आधी घरचं पथ्यपाणी, मग हॉस्पिटल. वाढवून मिळालेली शेवटची मुदत त्याच महिन्यात संपत होती. 'हे संशोधन माझं स्वतःचं आहे' असं लिहिलेलं प्रबंधाचं पान घेऊन मी हॉस्पिटलात त्याच्याकडे गेलो. खाली सहीची जागा रिकामी होती. त्याच सकाळी कॉलेजच्या पत्त्यावर त्याच्या नावाचं पाकीट आलं होतं. नवा मसुदा. ते माझ्या पिशवीतच होतं, पण दाखवलं तर हा पुन्हा पट्ट्या कापायला घेणार, म्हणून सही होईपर्यंत गप्प बसायचं ठरवलं. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पेन हातात घेऊन त्यानं विचारलं, "मसुदा आला काय रे?"

"नाही आला."

"नक्की?"

"नाही रे बाबा. तू सही कर."

त्यानं पेन मला परत दिलं. "मग थांबू ना यार. येईलच या आठवड्यात. एवढं थांबलो..."

मसुदा नाही म्हटल्यावर तो सुटेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. पिशवी माझ्या मांडीवर होती. पाकीट काढून "खोटं बोललो" म्हणायचं, एवढंच काम होतं. वहिनी समोर उभ्या होत्या, आणि मला लाज वाटली. उद्या "आजच आलं" म्हणून आणू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर नव्हता. तिसऱ्या दिवशी तो फोन आला.

विद्यापीठात जाऊन आलो. खिडकीतले गृहस्थ भले होते, त्यांनी माझ्यासाठी नियमांचं पुस्तक दोनदा उघडून पाहिलं. उमेदवाराच्या सहीशिवाय प्रबंध घेता येत नाही. इतकी वर्षं कायदा शिकवतोय, आणि ते बिनसहीचं पान पिशवीत घालून परत आलो. पाकीट उघडायचा धीर त्यानंतर कितीतरी दिवसांनी झाला. आधी ते कलम काढलं, जेरोमची शेवटची पट्टी शेजारी ठेवली आणि बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिला. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. विकत घेणाऱ्या देशाबद्दल याही वेळी एक अक्षर नव्हतं, म्हणजे कायद्यात तिथं भोक आहे, घेणाऱ्यालाही बांधायला हवं, हे जेरोमचं म्हणणं जसंच्या तसं उभं होतं. मी पट्टी हातात धरून रडलो.

जेरोमला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या प्रार्थनेला त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी विचारलं, "भावजी, तो मसुदा आला का हो नंतर? बरंच बदललं असेल ना?"

"बरंच," मी म्हणालो. "सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग थांबले तेच बरं केलं त्यांनी." आता त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगतात. म्हाताराही मान डोलावतो. तेवढाच त्यांना आधार आहे, आणि तो काढून घ्यावा की राहू द्यावा हे मला इतके दिवस ठरवता आलं नाही. पण तो आपणहून थांबला असं त्यांनी समजावं, हे मला सहन होत नाही. त्याला थांबवलं मी, दोनदा. म्हणून हे पेपरात छापायला देतोय; ॲग्नेसवहिनी त्याची रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. वहिनी, पाकीट त्या दिवशी माझ्या पिशवीत होतं. त्यात काहीच बदललं नव्हतं.