वॉरिकचं पाऊल

ओरिन बॅटिस्टला संघातून काढून टाकलं जाण्याची सवय झाली होती. सात वर्षांत अमेरिकन फुटबॉलच्या पाच संघांनी त्याला काढलं. पद्धत सगळीकडे एकच. सकाळी सकाळी कार्यालयातला कुणीतरी येतो, हळू आवाजात सांगतो, वर बोलावलंय, डावपेचांची वही बरोबर घ्या. वही परत मागितली की समजायचं. पहिल्या वेळी ओरिननं विचारलं होतं, काय काम आहे. पुढे विचारणं सोडलं. पाचव्या वेळी सांगायला आलेला माणूस नोकरीत नवा होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा ओरिननंच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तो लुइझियानाचा, उसाच्या पट्ट्यातल्या एका लहान गावचा. तिथे शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव शाळेच्या मैदानावर जमायचं. ओरिनच्या हातात चेंडू आला की त्याचा क्लोविसमामा बाकाच्या पत्र्यावर दोन्ही पाय आपटायचा. कॉलेजातही नाव झालं. व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले त्या दिवशी मात्र त्याचं नाव कुणी पुकारलं नाही. नंतर एका संघानं फोन करून बोलावलं, आणि तिथून त्याची भटकंती सुरू झाली.

तो रिसीव्हर होता. पळायचं, ठरल्या जागी वळायचं, क्वार्टरबॅकनं फेकलेला चेंडू झेलायचा. यातलं सगळं त्याला उत्तम यायचं. पण प्रत्येक संघात त्याच्याहून बोटभर उंच नाहीतर पाऊलभर वेगवान असा कुणीतरी आधीच असायचा. म्हणून ओरिन सराव संघात राहिला.

सराव संघाचं काम सोंगं घेण्याचं. येत्या रविवारी ज्यांच्याशी गाठ आहे, त्यांच्यातला ज्याची धास्ती असेल त्याचा नंबर छापलेली लाल जाळीची बंडी अंगावर चढवायची आणि आठवडाभर त्याच्यासारखं पळायचं. आपल्या बचावाच्या खेळाडूंना त्याची सवय व्हावी म्हणून. रविवारी बंडी काढून साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि खरा माणूस पळताना बघायचा.

ओरिन यात फार तयार झाला. तासन् तास जुन्या सामन्यांची फिल्म बघायचा. एखादा वळण्याआधी खांदा किती झुकवतो, एखादा दमला की हात कुठे ठेवतो, हे सगळं अंगात उतरवायचा. या सहाव्या संघात बचावाला लेव्हॉन नावाचा खेळाडू होता. दर बुधवारी तो ओरिनपुढे वाकून विचारायचा, "आज आपलं शुभनाव?" ओरिन त्या आठवड्याचं नाव सांगायचा. लेव्हॉन म्हणायचा, "वा, मोठा माणूस. घरचे बरे आहेत ना?"

घरी बायको होती, रेनिता, आणि सहा वर्षांची ओडेट. त्या दोघी गावातच राहायच्या. दर वर्षी नव्या शहरात बिऱ्हाड हलवणं रेनितानं तिसऱ्या संघानंतर बंद केलं होतं. या हंगामाला निघताना ती भांडली नाही. तिनं एवढंच सांगितलं की हे वर्ष शेवटचं. या वर्षी खऱ्या संघात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सोंगं पुरे. शाळेत मुलांना खेळ शिकवायची जागा क्लोविसमामानं बोलून ठेवली होती. ओरिननं वचन दिलं. देताना ते त्याला खरं वाटत होतं.

सात वर्षांत खऱ्या सामन्यात त्यानं एकही चेंडू झेलला नव्हता. मैदानावर उतरला होता सहा वेळा. त्याच्या दिशेनं चेंडू आला दोनदा. एक डोक्यावरून गेला, दुसरा कुणीतरी मध्येच बोटांनी उडवला.

नोव्हेंबरात वॉरिकच्या संघाशी सामना होता.

ट्रे वॉरिकचं एक पाऊल प्रसिद्ध होतं. बाहेरच्या बाजूला वळण्याआधी तो डावा पाय अर्धा आत टाकायचा आणि निमिषभर थांबायचा, घरी काहीतरी विसरल्यासारखा. समोरचा बचाववाला त्या निमिषात भुलून आत सरकायचा, आणि वॉरिक बाहेर निसटलेला असायचा. त्याचा क्वार्टरबॅक तेवढ्यापुरता चेंडू हातात धरून ठेवायचा. दोघांचं ते वर्षानुवर्षांचं जमलेलं होतं.

बुधवारी ओरिननं वॉरिकची बंडी घातली. रिसीव्हरांचे कोच प्रुइट छातीशी हात बांधून उभे होते. दहा-बारा वेळा पळवल्यावर त्यांनी त्याला जवळ बोलावलं. म्हणाले, तू वॉरिकची नक्कल करतो आहेस, आधी ठरवून पाऊल टाकतो आहेस. वॉरिक ठरवत नाही. त्याचा पाय आपोआप पडतो. त्या संध्याकाळी ओरिन खोलीवर एकटाच पलंग आणि दार यांच्यामध्ये ते पाऊल टाकत राहिला. गुरुवारी ते आलं. कसं आलं ते त्याला कळलं नाही. लेव्हॉन सलग चार वेळा फसला. चौथ्या वेळी त्यानं शुभनावही विचारलं नाही, नुसता गवतावर बसून राहिला. प्रुइट लांबूनच म्हणाले, "हेच. हेच हवंय मला."

शुक्रवारी संघाच्या एका रिसीव्हरची मांडी दुखावली. शनिवारी दुसरा तापानं पडला. दुपारी प्रुइट यांनी ओरिनला सांगितलं की उद्या तू खेळणार आहेस. मग दोघं तासभर टेबलापाशी बसले आणि आपल्या संघाच्या चाली पुन्हा चाळल्या. आठवडाभर ओरिन त्यांतली एकही पळाला नव्हता. पण त्याला सगळ्या पाठ होत्या.

त्यानं घरी फोन केला. रेनिता म्हणाली की ओडेटला सांगते. क्लोविसमामाचा फोन त्यानंतर आला. चर्चच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही लावायचं ठरलं होतं. "भाचेबुवा," मामा म्हणाला, "पाद्रीबाबांनी उद्याचं प्रवचन दहा मिनिटं आधी आटपायचं कबूल केलंय. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी एवढी दया दाखवली नव्हती. तेव्हा जरा बघ."

पहिला अर्धा सामना ओरिन कडेला उभा होता. तिसऱ्या टप्प्यात त्याला आत पाठवलं. क्वार्टरबॅक हॉलोवेनं घोळक्यात चाल सांगितली. ओरिननं बारा यार्ड सरळ पळायचं आणि उजवीकडे कडेच्या रेषेकडे वळायचं. चेंडू त्यालाच येणार होता. अकरा वर्षांचा असल्यापासून तो हे पळत आला होता. यात क्वार्टरबॅक थांबत नाही. रिसीव्हर वळायच्या आधीच चेंडू फेकतो, आणि माणूस वळतो तेव्हा चेंडू तिथे पोचलेला असतो.

ओरिन पळाला. समोरचा बचाववाला मागे मागे सरत होता. नऊ, दहा, अकरा. आणि त्याचा डावा पाय अर्धा आत पडला.

पडला तेव्हाच त्याला कळलं. त्याआधी नाही. तो वळला, पण चेंडू पुढे निघून गेला होता. जिथे ओरिन असायला हवा होता तिथे दुसराच एक बचाववाला धावत आला होता. चेंडू त्याच्या छातीवर आपसूक आला. तो घेऊन तो उलट दिशेला पळत सुटला. अडवायला पुढे कुणी नव्हतं. ओरिन त्याच्या मागे शेवटपर्यंत पळाला. त्यानं काही होणार नव्हतं, तरी पळाला.

समोरच्या बाजूला सगळे बाकावर चढून नाचत होते. एकटा वॉरिक रेषेवर उभा होता. तो मैदानाच्या टोकाकडे बघत नव्हता. ओरिनच्या पायांकडे बघत होता.

ओरिनचा संघ सामना सहा गुणांनी हरला. ओरिनला पुन्हा आत पाठवलं नाही.

सोमवारी सगळ्या संघाला फिल्म दाखवतात. त्या चालीपाशी मुख्य कोचनी फिल्म थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा पडद्यावर तो पाय आत पडला तेव्हा मागच्या रांगेतून लेव्हॉन हळूच म्हणाला, "अरे, हा तर वॉरिक." दोघेतिघे हसले. मग त्यांनी प्रुइटकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. प्रुइट आपल्या वहीत काहीतरी लिहीत होते. बराच वेळ लिहीत होते.

मंगळवारी कार्यालयातला माणूस आला नाही. प्रुइट स्वतः आले. ओरिननं वही आधीच पिशवीतून काढून ठेवली होती. प्रुइट त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेले. गार वारा होता आणि त्यांनी टोपी आणली नव्हती.

"वरच्या लोकांना मी सांगितलं नाही की चूक तुझी होती," ते म्हणाले.

"मग कुणाची सांगितलीत?"

"सांगितली नाही. त्यांनी विचारलंच नाही."

ओरिननं गाडीचं दार उघडलं. "गुरुवारी तुम्ही म्हणालात, हेच हवंय."

"हो," प्रुइट म्हणाले. "गुरुवारी हवंच होतं."

ओरिन दोन दिवस गाडी चालवत गावी आला. रेनितानं काही विचारलं नाही. ओडेटनं विचारलं, बाबा, तो माणूस तुमचा चेंडू घेऊन का पळाला? ओरिननं सांगितलं की तो लवकर पोचला. तिला ते पटलं. क्लोविसमामा रोज यायचा, उसाच्या गाड्यांबद्दल बोलायचा, कारखान्यातल्या भांडणांबद्दल बोलायचा. एरवी तो कुणाची फजिती सोडणारा माणूस नव्हता. सामन्याचा विषय त्यानं एकदाही काढला नाही, आणि ओरिनला त्याचंच ओझं वाटायचं.

शाळेतल्या कामाचं पक्कं झालं. पुढच्या सोमवारपासून यायचं. मुख्याध्यापिका बाईंनी ओरिनला लहानपणी शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, बरं झालं आलास, आमच्या मुलांना सरळ पळायला शिकव, सगळी वाकडी पळतात. ओरिन हसला. मग एका दुपारी तो एकटाच मैदानावर गेला. बारा यार्ड मोजून पळाला आणि उजवीकडे वळला. पाय आत पडला. पुन्हा पळाला. आता लक्ष ठेवून पळाला, तर पाय बरोबर पडला, पण वेग गेला. लक्ष सोडलं की तो पुन्हा आत. तासभरानं तो घरी आला. रेनितानं त्याच्या बुटांचा चिखल पाहिला, आणि बूट बाहेर ठेवायला सांगितलं.

ओरिनला संघ मिळवून देणाऱ्या एजंटचा फोन आला तेव्हा रेनिता स्वयंपाक करत होती. एका शेगडीवर राजमा, दुसऱ्या शेगडीवर भात. ओरिन कांदा चिरत होता. त्यानं फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला, कारण हात ओले होते.

एजंट घाईत होता. आणखी एका संघानं विचारणा केली होती. पुढच्या रविवारी त्यांची गाठ वॉरिकशी होती.

"त्यांच्या कोचनं ती फिल्म पाहिली," एजंट म्हणाला. "मला म्हणाला, ज्यानं भर सामन्यात वॉरिकचं पाऊल टाकलं तो माणूस कुठंय? तोच हवाय. तुझं नाव त्याला माहीत नव्हतं, मी सांगितलं."

"खेळायला?" ओरिननं विचारलं.

"सरावाला."

"किती दिवस?"

"आठवडा. पुढचं पुढे बघू."

रेनिता पाठमोरी उभी होती. राजमा ढवळणारा तिचा हात थांबला. ओरिनला नाही म्हणायचं होतं. शाळा होती. वचन होतं. तो नाहीच म्हणणार होता. त्यानं सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि आपलाच आवाज ऐकला.

"कधी पोचायचं?"

एजंटनं विमानाची वेळ सांगितली आणि फोन ठेवला. रेनितानं भाताखालचा गॅस बंद केला. मग दुसराही केला. जेवायला अजून वेळ होता.

"मी नाही म्हणणार होतो," ओरिन म्हणाला.

"माहितेय मला."

"एकच आठवडा आहे, रेनिता."

ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिनं टेबलावरचा फोन उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"शाळेत तू सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."