शेजारच्या सीटचा ब्रेक

माझी आत्या ड्रायव्हिंग शिकवायची. तिने लग्न का केलं नाही यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तिच्या निम्मीही तिच्या कामावर झाली नाही, म्हणून आधी कामाबद्दलच सांगते. तिच्याकडे एकच गाडी होती. लहान, चौकोनी, कधीकाळी पांढरी. शेजारच्या सीटच्या पायाशी एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला. तिथे आत्या बसायची. शिकणारा माणूस भिंतीच्या दिशेने निघाला की ती बोलणं न थांबवता पाय दाबायची, आणि गाडी थांबली की म्हणायची, "भिंत कुठे पळून जात नाहीये. सावकाश जाऊ."

तिच्या हाताखालून कोण कोण गेलं! बँकेतले साहेब, शिंपी, एका घरातली सासू आणि सून, दोघी वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना पत्ता लागू न देता. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिच्याकडेच शिकले. आणि तिचा अगदी पहिला विद्यार्थी होता तो गॅरेजवाला. त्याने शिकताना गिअरबॉक्सची अशी काही वाट लावली की आत्याने त्याचं नाव गिअरतोड्या ठेवलं. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं, पोट सुटलं, आजोबा झाला, पण आत्यासाठी तो गिअरतोड्याच राहिला. त्यालाही ते आवडायचं. ग्राहकांसमोर तिने तशी हाक मारली की गडी लाजायचा आणि धावत यायचा.

एका सकाळी आत्या एका नर्सला शिकवत होती. नर्सला दूरच्या दवाखान्यात काम मिळणार होतं, त्यासाठी गाडी चालवता यायला हवी होती. वळणावर ती गोंधळली. आत्याने ब्रेक दाबला, पण गाडी काही थांबली नाही. कुंपणाच्या भिंतीला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, फक्त एक दिवा फुटला. पण बोभाटा व्हायला तेवढं पुरतं.

"ताई, वय झालं आता," बाबा म्हणाले.

"मी दाबला होता रे, बाळ्या."

"असेल. पण उशिरा दाबला असशील."

आत्या कधी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. त्या दिवशी मात्र गप्प बसली. मला तेच खटकलं.

गिअरतोड्याने गाडी उचलून खालून पाहिली. पत्रा जागोजागी सडला होता. दाराखालच्या पट्टीत त्याने बोट घातलं तर बोट आत गेलं. "बाई, याला ठिगळं लावण्यात अर्थ नाही. इंजिन ठणठणीत आहे. आपण बॉडीच बदलू. दुसरी चांगली बॉडी आणू आणि हिच्यातलं सगळं तिच्यात घालू."

"आणि माझ्या ब्रेकखालचा पत्रा?" आत्याने विचारलं. "तो कसा आहे?"

"तो ठीक आहे, बाई," तो हात पुसत म्हणाला.

आत्याने मान डोलावली. म्हणजे चूक पत्र्याची नव्हती, पायाची होती. ते तिने मुकाट्याने स्वतःच्या पदरात घेतलं.

तशाच मॉडेलची एक गाडी एका डॉक्टरांच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली सापडली. तिचं इंजिन जाम होतं, पण पत्रा असा की वाजवला तर खणखणायचा. मग आत्याचा मुक्कामच गॅरेजात पडला. साखळीने इंजिन वर उचललं तेव्हा ती श्वास रोखून उभी होती. तारांचा जुडगा बाहेर काढताना प्रत्येक टोकाला तिने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. काचा, सीटा, स्टिअरिंग, अगदी दाराची हँडलंसुद्धा जुनीच लावायची असा तिचा हट्ट. "उद्या मी बसले तर मला ओळखू यायला नको का गाडी?" जुना सांगाडा भंगारात गेला त्या दिवशी ती जेवली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गॅरेजात हजर.

आपली दोन पेडलं तिने घरी आणून रॉकेलमध्ये घासली. चकचकीत केली, जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि गिअरतोड्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. "ही सगळ्यात शेवटी बसवू, बाई."

घरी जेवताना टेबलाखालून धप्प असा आवाज यायचा. आधी मला कळेना. मग एकदा वाकून पाहिलं तर आत्या पाय जमिनीवर दाबून बघत होती. समोरच्या भिंतीवरची पाल हलली की दाबायचा, असा तिचा खेळ चालला होता. "बघते गं, खरंच मंदावलाय का ते," ती मला म्हणाली आणि हसली. समोर बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पान उलटलं.

रंगकाम सुरू झालं तसं बाबांनी तिचं गॅरेजात जाणं बंद केलं. रंगाच्या वासाने खोकला वाढेल म्हणाले. भावाला आपली केवढी काळजी, म्हणून आत्या मनातून सुखावली. गाडी मिळायची त्या दिवशी तिने सकाळीच नर्सला फोन लावला. उद्यापासून या, म्हणाली. पलीकडून नर्स म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही शिकवणं सोडलंत ना? तुमच्या भावाने मागेच कळवलं. मी दुसरीकडे नाव घातलं."

आत्याने फोन ठेवला. मला म्हणाली, "चप्पल घाल."

गॅरेजात गाडी नव्यासारखी उभी होती. बाबा स्टुलावर बसून चहा पीत होते. आत्या कुणाशी बोलली नाही. तिने शेजारचं दार उघडलं, वाकली, खालचं मॅट उचललं. सपाट, स्वच्छ पत्रा. पेडलं नव्हती. ती बसवायला भोकंसुद्धा पाडलेली नव्हती.

"ताई, तुझ्या भल्यासाठीच," बाबा उभे राहत म्हणाले. "आता तू स्वतः चालव, फिरायला जा. लोकांचा जीव सांभाळायची जबाबदारी कशाला या वयात? गाडी वाचवली ना तुझी?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "गिअरतोड्या, एकच विचारते. ब्रेकखालचा पत्रा खरंच ठीक होता?"

तो खाली बघायला लागला. म्हणाला, "नाही, बाई. कुजला होता. तुम्ही दाबलात तेव्हा पेडलऐवजी पत्राच खाली बसला. तुमचा पाय वेळेवर होता."

"हे याला माहीत होतं?"

"दादांना पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. ते म्हणाले, बाईंना सांगू नका. या निमित्ताने तरी थांबतील."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. मला बाबांचा भयंकर राग आला. आत्या बाबांकडे वळली.

"म्हातारी झालीस, बस कर, असं तोंडावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते. भांडून थांबलेही असते कदाचित. पण मी रोज तुझ्यासमोर पाय आपटत होते, बाळ्या. माझ्याच पायावरचा माझा विश्वास उडाला होता. आणि तू पेपर वाचत होतास."

बाबांनी चहाचा कप स्टुलावर ठेवला.

ती बसने घरी आली. बाबांशी बोलणं तिने टाकलं नाही, टाकलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. मीठ दे, दार लाव, एवढंच बोलायची. शेवटी बाबांनाच ते असह्य झालं. त्यांनी गिअरतोड्याला सांगून पेडलं बसवून घेतली आणि गाडी आमच्या दारात आणून लावली. गिअरतोड्या अपराध्यासारखा बाजूला उभा. "बाई, जरा दाबून बघा."

आत्या खाली आली. शेजारच्या सीटवर बसली. बाबांना चालवायला लावलं, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि न सांगता ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. परत आल्यावर ती उतरली आणि गिअरतोड्याला म्हणाली, "काम चांगलं केलंस."

बाबांच्या जिवात जीव आला. "मग ताई, लोकांना कळवू? उद्यापासून शिकवणी सुरू?"

"पहिल्या दिवशी माणूस थरथरत असतो," आत्या म्हणाली. "त्याला मी सांगते, घाबरू नका, शेजारी बसलेलं माणूस आपलं आहे, ते आपल्याला काही होऊ देणार नाही. आता हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"