डिफरन्शियलचा न मोजलेला आकडा

मंडळी, आजची रेस आमच्यासाठी दुसऱ्याच लॅपला संपली.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधला माझा सत्तरीचा शेजारी डीटर आणि मी, आमच्यात एक जुनी रेस कार आहे. तो चालवतो. रेसच्या आधी टॉर्क रेंचने, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणाऱ्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलची पकड मोजून वहीत लिहायची, हे काम माझं. या वेळी कंटाळा केला आणि मागचाच आकडा उतरवला.

आज वळणावर आतलं चाक नुसतंच फिरत राहिलं, गाडीला जोरच मिळेना. सगळे पुढे निघून गेले.

डीटरने वही पाहिली. "आल्झो, तर मग पकड ठीक होती. म्हणजे मीच चुकलो. वय झालं, गाडी विकून टाकू."

मी वही मिटून पिशवीत टाकली. विक्रीची जाहिरात त्याने मलाच लिहायला सांगितलीय.

सांगा, काय लिहू?