पाचवा हार

लग्न लावणाऱ्या माणसाने अंगावर फूल घेऊ नये. तो साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराने सजू नये. हे तत्त्व मी स्वतः घडवलं. घडवलं तेव्हा मला कोणी फूल देत नव्हतं, हेही नोंदवून ठेवतो.

भिलाईच्या प्लांटमध्ये माझी सगळी नोकरी सेफ्टी विभागात गेली. हेल्मेट घाला, इथे उभे राहू नका, अशा पाट्या लिहिण्यात उमर गेली की माणसाला जिथेतिथे सूचना लिहाव्याशा वाटतात. निवृत्तीनंतर सेक्टरमधल्या विहारात मी बौद्ध पद्धतीने लग्नं लावू लागलो. आमच्यात मुहूर्त नाही, अक्षता नाहीत, हुंडा निदान बोलताना तरी नाही. पण सत्कार आहे. युनियनचे, समाजाचे, नागपूरहून आलेले असे सगळे मान्यवर हारांनी मढवून होईपर्यंत नवरानवरी कोपऱ्यात घाम पुसत बसत. म्हणून मी एक कागद केला. विहारातल्या दोन्ही प्रतिमांना एकेक हार. वधूवरांना एकेक हार. वराचे वडील आणि वधूचे वडील, एकेक गुलाब. पाहुण्यांना उधळायला मूठभर पाकळ्या. लग्न लावणाऱ्यास काही नाही. हे शेवटचं कलम जाड अक्षरात छापून घेतलं आणि कागद लॅमिनेट करून विहाराच्या दाराशी लावला. लोक तो वाचून माझ्याकडे आदराने बघतील असं वाटलं होतं. लोक त्याच्याखाली चपला काढू लागले.

माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तो वारून चार वर्षं झाली होती. लग्नाच्या दोन दिवस आधी त्याची बायको माझ्या क्वार्टरवर आली.

"भाऊजी, तुमचा कागद वाचला. वधूचे वडील, एक गुलाब. ते तर नाहीत. मंग त्यायचा गुलाब कोनाले?"

"त्यांच्या फोटोला," मी म्हणालो. उत्तर तयार असल्याचा मला आनंदच झाला.

"अन् मले?"

मी कागदातली कलमं मनात पुन्हा मोजली. ती सांगत होती, की उतई गावची मोठी नणंद आत्तापासूनच म्हणून राहिली, वहिनीले मांगं बसवा, तिच्या हाती फुलंबिलं देऊ नका. "पोरगी मी वाढवली, भाऊजी. तिच्या लग्नात मी मांगं बसू? तुमच्या कागदात माह्यं नाव असतं त मी कोनाचं ऐकलं नसतं."

विधवेला मागे बसवू नये, यावर मी आजवर किमान दहा भाषणं दिली आहेत. त्यांतली काही बरी झाली होती. तरी तिला मी म्हणालो, "विषय समितीपुढे ठेवतो."

"समिती म्हंजे तुमीच ना?"

"मी सचिव. अध्यक्षांची सही लागते."

"लगन परवा हाय, भाऊजी," ती म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

लग्नाच्या दिवशी मी कडक इस्त्रीचा पांढरा कुडता घालून उभा राहिलो. सहकाऱ्याच्या फोटोला गुलाब लागला होता. नणंदेने वहिनीला खरंच तिसऱ्या रांगेत, कूलरच्या मागे बसवलं होतं. मी ते पाहिलं. पाहून वंदना सुरू केली; वंदना म्हणत असताना मध्ये बोलता येत नाही, ही एक सोय असते.

समोरच्या ताटात शेवंतीचे हार होते. दोन प्रतिमांना गेले, दोन वधूवरांनी एकमेकांना घातले, पाकळ्या उडाल्या. ताटात पाचवा हार उरला. कागदाप्रमाणे पाचवा हार असायला नको होता. तो कोणाचा असेल याचा मी फार वेळ विचार केला नाही. इतक्या वर्षांचं तत्त्व, लोकांच्या कधीतरी लक्षात येणारच. नवरीने हार उचलला आणि ती सरळ माझ्या दिशेने निघाली.

"अगं, नको, नको," मी म्हणालो, आणि मान वाकवली.

"काका, थोडा साइड व्हा ना," ती म्हणाली. "आईले हार घालाचा आहे. कागदात नाही, ठाऊक आहे मले."

मी सरकलो, पण मान वर करायचं राहून गेलं. ती कूलरमागे गेली, आईला हाताला धरून पुढे आणलं आणि सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात हार घातला. नणंद म्हणाली, "हे काय करून राहिली वं?" तोवर पोरींनी उरलेल्या पाकळ्या मायलेकींवर टाकल्या होत्या आणि नणंदेच्याही केसांत चार अडकल्या. त्या तिने काढल्या नाहीत. ती माऊली हार घालूनच जेवायला बसली. वाढणाऱ्यांनी दोनदा म्हटलं, हार वरणात बुडते बाई, तरी काढला नाही.

कागदात आता वधूच्या आईची ओळ आहे. पेनाने लिहिली आहे, अक्षर माझं नाही. अध्यक्षांची सही अजून झालेली नाही.

लग्नाच्या अल्बममध्ये त्या क्षणाचा फोटो आहे. मायलेकी छान आल्या आहेत. बाजूला पांढऱ्या कुडत्यातला एक माणूस खाली वाकून जमिनीकडे बघतो आहे. मुलीच्या सासरी असा समज आहे, की त्याची चप्पल हरवली होती.