हिस्के, हार्मन आणि पश्चिमेचा वारा

"आधी पूर्वेकडे जाऊ," हार्मन म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याचं तोंड दिसलं नाही, पण हिस्केला ते बघायची गरजही नव्हती.

वारा पश्चिमेचा होता. पहाटेपासून गोठ्याचा पत्रा बडवत होता. मारेझील गावातच काय, फ्रिस्लंडच्या त्या अख्ख्या किनाऱ्यावर शेंबडं पोरसुद्धा सायकल काढलं की आधी वाऱ्याच्या तोंडावर जातं. अंगात दम आहे तोवर त्याच्याशी भांडून घ्यायचं, म्हणजे परतताना तोच पाठीला हात लावून घरी आणून सोडतो. पाहुण्याला घेऊन याच्या उलट जायचं म्हणजे सरळसरळ त्याचे हाल करायचे. हिस्के सदुसष्ट वर्षांची होती आणि मागच्या वसंतात तिचा खुबा बदलला होता. परतीच्या वाटेवर तिनं हात टेकावेत, तेही मिंकेच्या देखत, एवढंच हार्मनला हवं होतं.

"चौदा किलोमीटर जायचे, चौदा यायचे," हिस्के म्हणाली. "येताना वारा थोबाडावर. म्हातारपणी दिशा विसरलास का, जहागीरदार?"

"झेपणार नसेल तर बस आहे की, पोस्टीणबाई. म्हातारे लोक तिनंच जातात."

"झेपेल का, असं मी विचारलं का तुला?"

"मग चल की मुकाट्यानं."

हार्मनची बायको मिंके दोघांच्या मध्ये उभी राहून लाल लोकरी टोपी कानांवर ओढत होती. "वाटेत खायला साखरपाव घेतलाय," ती म्हणाली. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

हिस्के वीर्समानं त्या किनाऱ्यावर चौतीस वर्षं टपाल वाटलं, आणि तेही सायकलवरून. पुढे पिशवी, मागे दोन पिशव्या, आणि समुद्राच्या बांधाला लागून विखुरलेली साठ-सत्तर शेतघरं. एका वादळात फाटक तोंडावर आपटून तिचे पुढचे दोन दात गेले, तरी तिनं त्या दिवसाचं टपाल पोचवलं आणि मग दातांच्या डॉक्टरकडे गेली. मयताची खबर देणारं काळ्या किनारीचं पाकीट आलं, तर ती ते कधी पेटीत टाकत नसे. घंटा वाजवायची, आत जायची, माणूस ते फोडेपर्यंत थांबायची. लग्न तिनं केलं नाही. "विचारलं होतं दोघांनी," ती सांगायची, "पण दोघांच्याही घरचा कुत्रा चावरा होता."

मिंकेच्या स्वयंपाकघरात ती रोज सात मिनिटं थांबायची. उभ्या उभ्या कॉफी घ्यायची, पिशवी खांद्यावर तशीच. त्या सात मिनिटांत दोघी काय बोलायच्या, देव जाणे. हार्मनला गोठ्यात ऐकू यायचं ते फक्त बायकोचं हसणं. त्याच्याशी बोलताना मिंके कधी तशी हसली नाही. रोज ते हसणं गायींच्या शेणामुतात उभं राहून ऐकायचं, आणि तेही चौतीस वर्षं! माणूस वाईट नव्हता तो. पण त्याच्या आत काहीतरी नासलं ते नासलंच.

पुढे हिस्के निवृत्त झाली. गावातल्या घराचा उभा जिना चढवेना, म्हणून ती लेऊवार्डन शहरात चौथ्या मजल्यावर राहायला गेली. तिथं लिफ्ट होती, गरम पाणी होतं, आणि बोलायला कुणी नव्हतं. वर्षातून एकदा जानेवारीत ती चार दिवस मिंकेकडे यायची. त्यातल्या रविवारी तिघांनी बांधाच्या वाटेनं होलवर्डच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत सायकलवर जायचं, वाटाण्याचं दाट सूप प्यायचं आणि परत यायचं, असा पायंडाच पडला होता.

यंदा मात्र भांडायला कारण होतं. मिंकेच्या मुलानं शेती हातात घेतली होती. मोठ्या घरात आता तो, त्याची बायको आणि तीन पोरं येणार. म्हाताऱ्यांनी दुसरीकडे जायचं. हार्मन म्हणत होता, बांधाच्या पायथ्याशी गड्याचं जुनं घर आहे, तिथं जाऊ. तिथून शेजारी दीड किलोमीटरवर. हिस्के म्हणत होती, माझ्या शेजारचं घर रिकामं झालंय, दोघांना पुरेल एवढं, पण सोमवारी दुपारपर्यंत होकार कळवायला हवा. दोघांनीही मिंकेला विचारलं होतं, आणि मिंके दोघांनाही म्हणाली होती, "पाहू." दोघांनीही त्याचा अर्थ 'हो' असाच लावला होता.

जाताना पायडल मारावंच लागलं नाही. डावीकडे ओहोटीचा करडा चिखल पार क्षितिजापर्यंत, उजवीकडे बांधाचा गवती उतार. मेंढ्या थंडीमुळे गोठ्यात, म्हणून सगळी फाटकं सताड उघडी. वाऱ्यानं तिघांनाही नुसतं भिरकावून दिलं. हार्मन शीळ घालत होता. हिस्के मात्र पाठीवरचा एकेक धक्का मनात साठवत होती. हा सगळा परत फेडायचाय, हे तिच्या खुब्याला आत्ताच कळलं होतं.

धक्क्यावरच्या खानावळीत काचा वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. सूप आलं, त्यात चमचा उभा राहत होता. सोबत काळा पाव आणि डुकराच्या चरबीचे काप.

"खा भरपूर," हार्मन म्हणाला. "मोटार मागवायची तर मुलाला आत्ताच फोन करतो. उगाच अर्ध्या वाटेवर तमाशा नको."

"तुझ्या कपाळावर घाम कसला रे?" हिस्केनं विचारलं. "वाऱ्यानं ढकलत आणलं तरी?"

"सूप गरम आहे."

"तू अजून चमचा उचलला नाहीस."

मिंके म्हणाली, "बाहेर बोट लागलीये. अडीचची."

"त्या घरात दिवसभर ऊन येतं, मिंके," हिस्के म्हणाली. "खाली पाववाला आहे. मंगळवारी बाजार."

"वर, खाली, डाव्या हाताला, उजव्या हाताला नुसती माणसं," हार्मन म्हणाला. "कोंबड्यांसारखी. तिला नाही मानवायचं."

"तिला विचारलंस?"

"बेचाळीस वर्षं संसार केलाय मी. विचारावं लागत नाही."

"तेच तर."

मिंकेनं आपलं सूप संपवलं, हिस्केनं अर्धवट टाकलेलंही संपवलं, आणि टोपी घातली.

परतीला निघाल्यावर पहिल्याच फाटकापाशी वाऱ्यानं श्वास तोंडातच कोंबला. डोळ्यांतून पाणी, दातांत वाळू. अशा वाऱ्यात तिथली माणसं एका ओळीत चालवतात. पुढचा वारा खातो, मागचे त्याच्या पाठीआड राहतात. थोड्या वेळानं पुढचा बाजूला होतो, शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. जानी दुश्मनही हे मोडत नाहीत. हार्मन पुढे झाला. हिस्केनं त्याच्या पाठीआड जायचं, त्याच्या रुंद कोटाचा आडोसा घ्यायचा आणि मनातल्या मनात आभार मानायचे, एवढंच बाकी होतं. ती त्याच्या शेजारी जाऊन चालवू लागली.

"मागं जा," तो ओरडला.

"तू जा."

"मरशील!"

"तुझ्या पाठीमागं जगण्यापेक्षा बरं!"

त्यानं वेग वाढवला. तिनंही वाढवला. खुब्यात कुणीतरी तापली सळई फिरवत होतं, पण चौतीस वर्षं ती अशीच चालवत आली होती. मान खाली, कोपर आत, वाऱ्याला मिळेल तेवढं लहान अंग. हार्मन आयुष्यभर ट्रॅक्टरवर बसला होता, त्याला हे ठाऊक नव्हतं. तो ताठ बसून वाऱ्याशी छातीनं भांडत होता आणि त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला होता. दोघांपैकी कुणीही हटेना. एकमेकांकडे बघेनात, मागे बघणं तर दूरच. एक किलोमीटर झाला, दोन झाले. तिसऱ्या फाटकाशी हार्मनला थांबावंच लागलं. तो दांडीवर ओणवा झाला. हिस्के विजयानं मागे वळली, मिंकेनं हे बघायला हवं म्हणून.

मिंके नव्हती.

बांधाची वाट सरळसोट रिकामी पडली होती. खूप दूर, धक्क्याच्या बाजूला, एक लाल ठिपका वाऱ्याबरोबर भरभर लहान होत चालला होता.

"पडली की काय?" हार्मनचा आवाज चिरकला.

"पडलेलं माणूस एवढं जोरात जात नाही," हिस्के म्हणाली.

दोघांनी सायकली वळवल्या. जे मिळवायला एवढा वेळ झुंजले होते, ते सगळं वाऱ्यानं काही मिनिटांत काढून घेतलं. धक्क्यावर पोचले तेव्हा बोटीची फळी वर उचलली गेली होती. मिंके कठड्याशी उभी होती, बाजूला सायकल. खानावळीच्या इमारतीमुळे तिथं वारा कमी होता, म्हणून शब्द पोचत होते.

"मिंके! कुठं चाललीस?"

"बेटावर, आमेलांडला. बहिणीकडे."

"कपडे?"

"तिचे घालीन."

"अगं, पण उद्या दुपारपर्यंत कळवायचंय!" हिस्के ओरडली.

"काय कळवायचंय?" मिंके कठड्यावरून पुढे वाकली. ती चिडलेली हिस्केनं कधी पाहिली नव्हती. "मी काय कपाट आहे, इथं ठेवू की तिथं? एक म्हणतो कोपऱ्यात, दुसरी म्हणते खिडकीशी! तुम्ही दोघं एकमेकांना खात होतात आणि मी मागं वाऱ्यात एकटी. कुणी वळून बघितलं? तीन हाका मारल्या मी. तीन!"

"वाऱ्यात ऐकू नाही आलं," हार्मन म्हणाला.

"स्वयंपाकघरात वारा असतो का रे?"

बोट हलली. दोघं म्हातारी माणसं धक्क्यावर उभी राहिली, एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून. बोट भुरकट पाण्यात पार दिसेनाशी झाली तरी.

"तुझ्यामुळं," हार्मन म्हणाला.

"तुझ्यामुळं," हिस्के म्हणाली.

मग काय, चौदा किलोमीटर होतेच. हार्मन मुलाला फोन करायला तयार नव्हता, कारण 'आई कुठंय' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. उजेड जेमतेम दोन तासांचा राहिला होता. पहिल्या फाटकाशी हिस्के न बोलता त्याच्या पाठीआड गेली. दुसऱ्या फाटकाआधी तो बाजूला झाला आणि ती पुढे आली. तिच्या मागे त्याचा शिट्टीसारखा श्वास ऐकू येत होता. कोट त्याचा रुंद, तिचा अरुंद, म्हणून त्याला आडोसा कमी मिळत होता. त्यावरून त्यानं कुरकुर केली. तिनं सांगितलं, "पोट आत घे."

पाचव्या की सहाव्या पाळीला तो पुढे असताना मागे न बघता ओरडला, "तुला ती तिथं कशाला हवी होती? मला छळायला?"

"रविवारी मी कुणाशीच बोलत नाही," हिस्के म्हणाली. "शनिवारी रात्री बोलते ते दुकानदाराशी, मग थेट सोमवारी."

"काय?"

"म्हटलं, तुझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे!"

त्यानं ऐकलं होतं की नाही, हे हिस्केला कधीच कळलं नाही. मात्र ती पाळी संपली तरी तो बाजूला झाला नाही. तिनं दोनदा घंटा वाजवली, तरी नाही. गावाचा दिवा दिसेपर्यंत तो पुढेच राहिला आणि ती शिव्या देत मागे.

सव्वापाचला घरातला फोन वाजला. हार्मननं स्पीकर लावून तो दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला.

"आठवडाभर इथं आहे," मिंकेचा आवाज आला. "हिस्के, मी त्या घरात येणार नाही. नोव्हेंबरमध्ये एकटी येऊन बाहेरून बघून गेले. तू घरी नव्हतीस. खिडकीसमोर नुसत्या मोटारी उभ्या."

हिस्केनं खुर्ची फोनपासून मागं सरकवली.

"हार्मन, तू हसू नकोस. गड्याच्या घरातही येणार नाही."

"मग कुठं?"

"अजून माहीत नाही. माहीत नसायला मला आठवडा लागेल." थोडं थांबून ती म्हणाली, "हिस्केचा खुबा दुखत असेल. तिला खालच्या खोलीत झोपू दे."

"ती सहाच्या बसनं चाललीये," हार्मन म्हणाला.

"मी सहाच्या बसनं चाललेय," हिस्के त्याच वेळी म्हणाली.

इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढंच.

सोमवारी सकाळी नऊला हिस्केनं घरं देणाऱ्या कचेरीत फोन करून सांगितलं, कुणी येत नाही. पलीकडच्या मुलीनं नोंदीसाठी कारण विचारलं. "ती माझी मैत्रीण आहे," हिस्के म्हणाली आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीत त्या घरात एक निवृत्त बोटचालक राहायला आला. बहिरा आहे, सकाळी सातला रेडिओ भोंग्यासारखा लावतो. हिस्के चप्पल घेऊन भिंत बडवते. तो पलीकडून काठीनं बडवतो. मग ती दार उघडून बाहेर येते, तो बाहेर येतो, आणि जिन्यात दोघांची अशी जुंपते की तिसऱ्या मजल्यावरचे लोक दारं लावून घेतात. रविवारीसुद्धा.