रमलीची अक्का

द्रव नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी अक्का त्यावर दोन बोटांनी टकटक करायची. आत नळ्यांमध्ये रक्तातल्या पेशी गोठवून ठेवलेल्या असत. इंदूरच्या त्या लॅबमध्ये मी नवीन होते, पहिल्यांदा हसूच आलं. ती म्हणाली, "कुणाच्या घरी जाताना तू वाजवत नाहीस का?"

अक्का देवासची. रोज बसने अपडाउन करायची. बाकी सगळे तिला दीदी म्हणत. मराठी आम्ही दोघीच, म्हणून माझी ती अक्का. तिची पीएच.डी. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर होती. नळ्यांवर नुसते क्रमांक असत, पण धारकडच्या, नालछ्या गावापुढच्या वस्त्यांवरून रक्त तिनेच आणलेलं, त्यामुळे कुठली नळी कुणाची ते तिला पाठ होतं. "रक्त त्यांनी दिलं, उत्तर आपण न्यायचं," म्हणत ती अहवाल सांगायला पुन्हा जायची. मी धारची, रस्ते माहितीचे, म्हणून मलाही न्यायची.

तिथेच रमली भेटली. सात-आठ वर्षांची. आजार तोच, पण इतर मुलांसारख्या कळा तिला येत नसत. तिच्या रक्तात तिला सांभाळणारं काहीतरी होतं. अक्का दिसली की विचारायची, "मेरा खून क्या बोला?"

"अभी सोच रहा है," अक्का म्हणायची.

त्या उन्हाळ्यात रमली तापाने गेली. धारच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

पुढे थोड्याच दिवसांत अक्काला परदेशातली पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची संशोधनाची जागा, मिळाली. कितीतरी वर्षं ती अर्ज करत होती, वयाची मर्यादा जवळ आली होती. देवासला आईने पेढे वाटले. शेजारणीने विचारलं, "अजून किती शिकशील गं?" अक्का म्हणाली, "काकू, शिकून झालं. आता शोधायला निघालेय." पण काम करायचं होतं ते रमलीच्याच पेशींवर.

परवानगी रमलीच्या आईने पूर्वीच दिलेली होती. तरी सांगितल्याशिवाय न्यायचं नाही म्हणून आम्ही वस्तीवर गेलो. अक्काने सगळं नीट समजावलं. आईने विचारलं, "वो खून जिंदा है?"

अक्काला खोटं बोलता येत नसे. "हां, जिंदा है."

"मतलब म्हारी छोरी थोड़ी-सी अभी मरी नी?"

अक्काने हातातले कागद मिटले.

"तो उसको घर ले आओ, बाई. वहाँ अकेली क्यों रहे."

परतताना मी म्हटलं, "तिला पटवता येईल, अक्का. पुढे किती मुलं वाचतील."

"पटवता येईल गं. पण मुलगी तिची आहे."

लॅबच्या सरांनी परोपरीने समजावलं. अक्काने ऐकलं नाही. रमलीला पुरलं होतं तिथे आईने हाताने माती उकरली. नळ्यांमधलं वितळलेलं, चमचाभर लालसर पाणी अक्काने त्यात ओतलं. आईने माती लोटली आणि वरून हलकेच थोपटली.

पोस्टडॉक दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. अक्काने पुन्हा कुठेच अर्ज केला नाही. ती आता धारकडे वस्त्यावस्त्यांवर सिकलसेलच्या तपासणीचं काम करते.

मला पोस्टडॉक मिळाली तेव्हा निरोप घ्यायला मी तिच्या शिबिरात गेले. विचारलं, "रमलीच्या पेशी मातीत दिल्यावर तुला शांत तरी वाटलं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "आधी टाकी वाजवताना ती आत आहे ते मला ठाऊक असायचं."

बाहेर रांग लागली होती. अक्काने पहिल्या मुलीचं बोट हातात घेतलं. सुई उचललीच नाही. कितीतरी वेळ ते बोट नुसतं धरून बसली.