बांधाची चव

आरोंद्याच्या खाडीवरचा नवा खारबांध पूर्ण झाल्याचा दाखला द्यायला मी प्रकल्पाचा साहेब म्हणून गेलो होतो. पोट आणि छत्री सांभाळत बांधावरून चालताना शेताच्या बाजूला एक म्हातारा उकिडवा बसलेला दिसला. तो पायथ्याच्या पाण्यात बोट बुडवी, जिभेला लावी, थुंके आणि दोन पावलं सरकून पुन्हा तेच करी.

"आजोबा, काय हरवलं?" मी ऐटीत विचारलं.

"पाणी खंय गोडा, खंय खारा, ता बघतंय. कुर्ल्यांनी बांध भितरसून पोखरल्यानी."

"खेकड्यांनी? एवढा दगडी बांध?" मी हसलो.

"दगड भायर, भितर मातीच. चाखून बघा."

चाखलं. निव्वळ मीठ! खाडी आत शिरत होती. समोर कोवळा भात, त्यामागे गावाच्या विहिरी आणि अमावास्येचं उधाण परवावर आलेलं.

त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "साहेब, ह्येच्यार सही झाली काय मगे हय कोण येवचो नाय."

मी कागदावर 'काम अपूर्ण' लिहिलं आणि दुरुस्तीला माणसं बोलावली. तोवर तो बिळांत चिखल भरत राहिला. त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. आता कुठल्याही कागदावर सही करताना माझी जीभ खारट होते.